जुनी मराठी पुस्तके मोफत वाचायची आहेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या पुस्तकांविषयी मला जी पत्रे येतात, त्यांतले बरेचसे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नव्या वाचकांचे आहेत आणि शेवटचे कायद्याच्या खाचाखोचांचे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा सांगितलेली नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ही पुस्तके फुकट मिळतात म्हणजे ती चोरीची असतात का?

नाही. पुस्तकावरचा स्वामित्वहक्क कायमचा नसतो. भारतात तो लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. त्यानंतर ते पुस्तक कुणीही छापावे, वाटावे, त्यावर नाटक करावे. जोतीराव फुले, हरिभाऊ आपटे, लोकमान्य टिळक, रमाबाई रानडे, लक्ष्मीबाई टिळक, साने गुरुजी, मर्ढेकर या सगळ्यांचे त्यांच्या हयातीत छापलेले लिखाण आज मुक्त आहे. नेमका हिशोब प्रश्न १३ मध्ये आहे.

पण ‘फुकट उतरवता येते’ आणि ‘हक्क संपले आहेत’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ आपली कितीतरी पुस्तके संकेतस्थळावर मोफत देते. ती वाचायला मोकळी आहेत, याचा अर्थ तुम्ही ती छापून विकावीत असा होत नाही. आणि हयात लेखकांच्या कादंबऱ्यांच्या ज्या पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरतात, त्या चोरीच्याच. त्यांच्याविषयी इथे काहीही नाही.

२. शोधायची कुठे?

सगळ्यात मोठा साठा इंटरनेट आर्काइव्हवर आहे. भारत सरकारच्या ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या प्रकल्पात देशभरच्या ग्रंथालयांतली लाखो पुस्तके स्कॅन झाली होती. तो प्रकल्प पुढे बंद पडला, पण त्यातली बहुतेक पुस्तके आर्काइव्हवर जाऊन बसली, म्हणून वाचली. जुन्या मराठी पुस्तकांचा शोध तिथूनच सुरू करा.

मराठी विकिस्रोतावर पुस्तके कमी आहेत, पण तिथे मजकूर टंकलेला असतो. त्यामुळे शोधता येतो, उतरवून घेता येतो आणि मोबाइलवर नीट वाचता येतो. पानापानाला रंग दिलेला असतो: लाल म्हणजे तपासायचे बाकी, पिवळा म्हणजे एकदा तपासलेले, हिरवा म्हणजे दोघांनी तपासलेले. लाल पानावरचा मजकूर कुठे उद्धृत करू नका.

श्री. व्यं. केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश आणि मराठी विश्वकोश हे दोन्ही ऑनलाइन आहेत. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेल्या राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयातही शोधून पाहा. मात्र तिथल्या अनेक नोंदी दुसऱ्या संकेतस्थळाकडे बोट दाखवतात आणि काही ठिकाणी पुस्तक उघडतच नाही. इंग्रजीतल्या अभिजात पुस्तकांसाठी प्रोजेक्ट गुटेनबर्ग आहे. मायकेल हार्ट यांनी १९७१ मध्ये सुरू केलेला हा उपक्रम अजून स्वयंसेवकांच्या बळावर चालतो.

३. पुस्तक आहे असे सगळे सांगतात, पण नाव टाकले की काहीच सापडत नाही. का?

बहुतेक वेळा दोष शुद्धलेखनाचा असतो, तुमच्या नव्हे तर नोंदीच्या. हरिभाऊंच्या कादंबरीचे मूळ नाव ‘पण लक्ष्यांत कोण घेतो?’ असे छापलेले आहे. तुम्ही ‘लक्षात’ शोधलेत तर यंत्राला तो वेगळाच शब्द वाटतो. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांची ‘साधने’ (प्रश्न ९) जुन्या छपाईत ‘साधनें’ असतात आणि ‘हरी’चा ‘हरि’ असतो. म्हणून पूर्ण नाव न टाकता ज्यात अनुस्वार किंवा ऱ्हस्वदीर्घाचा घोळ होऊ शकत नाही असा एखादाच शब्द टाका, किंवा नुसते आडनाव.

डिजिटल लायब्ररीच्या नोंदी तर आणखी वाईट. मराठी नावे रोमन लिपीत, तीही शब्दाच्या मधोमध ॲपॉस्ट्रॉफी पेरलेल्या विचित्र लिप्यंतरात घातलेली आहेत. कधी लेखकाच्या जागी संपादक, कधी प्रकाशनवर्षाच्या जागी ग्रंथालयाचा दाखल क्रमांक. अशा वेळी नावाचा नाद सोडून छापखान्याच्या किंवा प्रकाशकाच्या नावाने शोधा: निर्णयसागर, आर्यभूषण, चित्रशाळा. अनपेक्षित गोष्टी हाती लागतात.

मुळात असे पुस्तक निघाले होते का, हेच ठरवायचे असेल तर शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ पाहा. एका माणसाने १८०० ते १९३७ आणि पुढे १९३८ ते १९५० या काळातल्या मराठी पुस्तकांची विषयवार नोंद केली आहे. नाव, वर्ष, पृष्ठसंख्या, सगळे. मला विचाराल तर तीच चाळत बसण्यात एक संध्याकाळ सहज जाते.

४. मी जुने मराठी कधीच वाचलेले नाही. सुरुवात कशापासून करू?

आत्मकथनांपासून. बखरींपासून नको, केशवसुतांपासून नको, आणि ‘पहिली मराठी कादंबरी’ म्हणून बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’पासून (१८५७) तर नकोच. ते महत्त्वाचे पुस्तक आहे, पण त्यातली पात्रे बोलण्यापेक्षा प्रवचनच जास्त करतात. पहिल्याच पुस्तकाला कंटाळलात तर दुसरे उघडणार नाही.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घ्या. १९३० च्या दशकातले हे पुस्तक अजूनही मोठ्याने हसवते. वडिलांच्या टोकाच्या सोवळ्याचे प्रसंग आणि नवऱ्याच्या धर्मांतराने कोसळलेले आभाळ, दोन्ही त्या एकाच सुरात सांगतात. शिकलेल्या लेखकाचा तोरा कुठेही नाही. भाषा बोलीच्या इतकी जवळ आहे की जुने शुद्धलेखन दहा पानांत दिसेनासे होते.

मग रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ (१९१०). न्यायमूर्ती रानडे इतिहासाच्या पुस्तकात पुतळ्यासारखे भेटतात. इथे ते बायकोला शिकवणारे, आणि घरातल्या बायकांनी तिचा त्या शिकण्यावरून छळ केला तरी फारसे न बोलणारे गृहस्थ म्हणून दिसतात. रमाबाई तक्रार करत नाहीत. जे घडले ते तारीखवार लिहावे तसे लिहितात, आणि म्हणूनच ते टोचते.

तिसरे विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’. वरसईचा एक भिक्षुक दक्षिणा मिळेल म्हणून उत्तरेकडे निघतो, १८५७ च्या धामधुमीत सापडतो, झाशीच्या वेढ्यात अडकतो आणि लुटला जाऊन गंगेची कावड घेऊन घरी परततो. या पुस्तकाची कोणती प्रत घ्यावी हा वेगळा विषय आहे, प्रश्न ८ पाहा.

ही तीन झाली की हरिभाऊ. त्यानंतर तुम्हाला कुणी सुचवायची गरज उरत नाही.

५. शब्दाशब्दाला अडते. एवढे अनुस्वार कशाला? अर्थ कुठे बघू?

१९६२ च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. त्यापूर्वीच्या छपाईत ते आहेत आणि ते उगाच नाहीत. ‘त्यानें’ हे करण, ‘घरांत’ हे अधिकरण, ‘तें’ हे नपुंसकलिंगी, अशा खुणा ते देतात. सुरुवातीला त्यांच्याकडे दुर्लक्ष करून वाचा. आठवड्याभरात डोळा सरावतो आणि लांबलचक वाक्यात कर्ता कोण, कर्म कोण हे शोधायला त्यांचीच मदत होऊ लागते.

शब्दार्थासाठी शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश हे दोन्ही शोधता येतात. एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकाला मोल्सवर्थ बरा, कारण तो त्याच काळातला आहे. आजचा कोश आजचा अर्थ सांगतो आणि चकवतो. तुमचा शब्द फारसी वळणाचा वाटला (‘सबब’, ‘तैनात’, ‘रुजू’) तर दाते-कर्वे आधी पाहा, ते जुन्या पुस्तकांतली उदाहरणेही देतात.

६. स्कॅनमध्ये पाने गहाळ आहेत की नाहीत हे पूर्ण न वाचता कसे कळेल?

फर्मे मोजा. पुस्तक मोठ्या कागदावर छापून घड्या घालत, आणि अशा प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पृष्ठाच्या तळाशी बारीक आकडा घालत. फर्मा बहुधा ८ किंवा १६ पृष्ठांचा असतो. पृष्ठ १७ खाली ‘२’, ३३ खाली ‘३’, ४९ खाली ‘४’ असे दिसले तर फर्मा १६ पृष्ठांचा आहे. आता फक्त तेवढ्या पानांवर उड्या मारत जा. आकडा हुकला की त्या आधीचा फर्मा तपासा. चारशे पृष्ठांचे पुस्तक पाच मिनिटांत उरकते.

याशिवाय शेवटचे पान पाहा. जुन्या पुस्तकांचे शेवटचे फर्मे बांधणीतून सुटून जातात. आणि स्कॅन करणाऱ्याच्या अंगठ्याखाली गेलेल्या ओळी हा डिजिटल लायब्ररीच्या प्रतींचा नेहमीचा रोग आहे. त्यावर इलाज एकच, दुसरी प्रत शोधणे. एकाच पुस्तकाच्या दोन-तीन ग्रंथालयांतल्या प्रती पुष्कळदा आर्काइव्हवर असतात आणि त्यांची भोके वेगवेगळ्या ठिकाणी असतात.

७. मुखपृष्ठावर ‘शके १८१५’ लिहिले आहे. ऐतिहासिक पत्रात तर ‘इहिदे सितैन’ असे काहीतरी आहे. इसवी सन कसा काढायचा?

शकात ७८ मिळवा. शके १८१५ म्हणजे १८९३. तारीख जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतची असेल तर ७९.

दुसरे आहे ते शुहूर सन, मराठेशाहीच्या कागदांत सर्रास येणारे. त्यात आकडे अरबी शब्दांत, एककापासून सुरू करून लिहितात. ‘इहिदे’ एक, ‘सितैन’ साठ, ‘मया’ शंभर, ‘अलफ’ हजार. म्हणून ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१. हे वर्ष मृगाला, जूनच्या सुरुवातीला बदलते. जून ते डिसेंबरसाठी ५९९ आणि जानेवारी ते पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवा. ११६१ मध्ये ६०० मिळवले की १७६१ येते, म्हणजे जानेवारीत पानिपत झाले ते वर्ष.

८. एकाच पुस्तकाच्या चार आवृत्त्या दिसतात. कोणती उघडू?

करमणुकीसाठी वाचायचे असेल तर सर्वांत स्पष्ट दिसणारी. त्यावर काही लिहायचे किंवा बोलायचे असेल तर मात्र आधी प्रस्तावना वाचून संपादकाने काय केले ते पाहा. हा प्रश्न लोक सहज विचारतात, पण मोफत पुस्तकांच्या बाबतीत घोटाळे होतात ते इथेच. हक्क संपलेली आवृत्ती बहुधा जुनी असते, आणि जुनी म्हणजे मुळाच्या जवळची असे नाही.

‘माझा प्रवास’ घ्या. ते १९०७ मध्ये चिं. वि. वैद्यांनी प्रसिद्ध केले. वैद्यांनी गोडसे भटजींच्या मजकुरावर हात फिरवला, भाषा सुधारली, काही गाळले. मूळ हस्तलिखितावरची आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी थेट १९६६ मध्ये काढली. मोफत फिरते ती मुख्यतः वैद्यांची. ती वाचायला छान आहे, पण ‘गोडसे असे म्हणतात’ असे लिहिण्यापूर्वी ते खरोखर गोडसे म्हणतात की वैद्य, हे बघायला पोतदारांची प्रत ग्रंथालयातून आणावीच लागते.

तुकोबांच्या गाथेत दुसरीच अडचण. अभंगांचे क्रमांक आवृत्तीगणिक बदलतात आणि अभंगांची संख्याही. त्यामुळे नुसता ‘अभंग १२३४’ हा संदर्भ निरुपयोगी आहे. आवृत्ती सांगा किंवा पहिला चरण द्या. ज्ञानेश्वरीची प्रचलित संहिता एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केली त्या परंपरेतली आहे. राजवाड्यांनी १९०९ मध्ये छापलेली ज्ञानेश्वरी वेगळ्या पोथीवरून घेतली आहे आणि तिच्यातली भाषा कानाला निराळी लागते. दोन्ही शेजारी उघडून पहिल्या अध्यायाच्या वीस ओव्या ताडून पाहा, ‘पाठभेद’ म्हणजे काय ते समजावून सांगावे लागणार नाही.

हे फक्त मराठीतच होते असे नाही. डार्विनच्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’च्या त्याच्या हयातीत सहा आवृत्त्या निघाल्या. ‘सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट’ हे शब्द १८५९ च्या पहिल्या आवृत्तीत नाहीत, १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत आले.

९. इतिहासासाठी बखरी वाचाव्यात का? विश्वास किती ठेवावा?

वाचाव्यात, आणि कधी लिहिली हे आधी पाहावे. सभासदाची बखर १६९७ च्या सुमाराची, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला लिहिलेली. लेखकाने शिवकाल पाहिलेला आहे. मल्हार रामराव चिटणिसांची बखर त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेली आहे. दोघांनी एकच प्रसंग सांगितला आणि चिटणिसांकडे जास्त तपशील आहे, तर तो तपशील कुठून आला हा प्रश्न पडायला हवा.

बखर सांगते ते ‘लोकांना काय आठवत होते’. काय घडले हे पाहायला पत्रे. वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’चे २२ खंड काढले. पहिला १८९८ मध्ये आला आणि त्यात पानिपतापर्यंतच्या काळातली पत्रे आहेत. ती वाचताना पहिली जाणीव होते ती पैशाच्या ओढीची. कर्ज, खंडणी, सैन्याचा पगार, चारा. बखरीतले समशेरीचे वर्णन वाचून ही पत्रे उघडलीत तर मोहीम कशी चालत असे ते दिसू लागते. या खंडांच्या प्रस्तावना मात्र स्वतंत्र ग्रंथ समजून वाचा. राजवाडे भांडतात जोरात, आणि त्यांची सगळीच मते आज टिकलेली नाहीत.

ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास (१८२६) आणि कँपबेलने संपादित केलेले मुंबई इलाख्याचे गॅझेटियर हे इंग्रजी साहेबी ग्रंथही मोफत आहेत. गॅझेटियरमध्ये तुमच्या जिल्ह्याचा खंड काढा (रत्नागिरी-सावंतवाडीचा १८८० चा, पुण्याचे तीन भाग १८८५ चे). पिके, बाजार, घाटरस्ते, मजुरी यांची माहिती दुसरीकडे इतकी एकत्र मिळणार नाही. जातीजमातींच्या स्वभावावरची वाक्ये मात्र राज्यकर्त्यांच्या सोयीची आहेत. ती त्या काळच्या साहेबाविषयी सांगतात, त्या लोकांविषयी नव्हे.

१०. सव्वाशे वर्षांपूर्वीचे विज्ञान वाचून काय मिळणार? ते चुकीचेच असेल ना?

काही चुकीचे असणारच. १८९० च्या दशकातल्या पुस्तकात अणू अविभाज्य असतो, प्रकाश ‘ईथर’मधून वाहतो आणि सूर्यमालेची हद्द नेपच्यूनपाशी संपते. उत्तरे शोधायला ही पुस्तके उघडू नयेत. एखादा माणूस हाती असलेल्या पुराव्यावरून कुठवर पोचतो, हे बघायला उघडावीत.

आकाशनिरीक्षणाला तर जुने पुस्तक चालते, तेही जवळजवळ जसेच्या तसे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचे ‘ज्योतिर्विलास’ घेऊन गच्चीवर जा. त्याचे उपनाव ‘रात्रीची दोन घटका मौज’ असे आहे आणि ते खरे आहे. त्यात सांगितल्याप्रमाणे नक्षत्रे ओळखता येतात, कारण संपातचलन, म्हणजे पृथ्वीचा अक्ष हळूहळू डोलल्याने ताऱ्यांच्या जागांत पडणारा फरक, सुमारे ७२ वर्षांत एक अंश एवढे मंद आहे. तेव्हापासून आजवर दोन अंशांच्या आतच फरक पडला, तो साध्या डोळ्याला कळतही नाही. ग्रहांच्या जागा अर्थात आजच्या पंचांगातून घ्यायच्या.

दीक्षितांचाच ‘भारतीय ज्योतिःशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ (१८९६) हा अवघड आणि थोर ग्रंथ. सलग वाचायला बसू नका. पंचांगांवरचे प्रकरण काढा, आज घरोघरी चालणारे ‘आमचे पंचांग खरे’ हे वाद तेव्हाही कसे चालत ते तिथे आहे. केवळ पोथीवर न विसंबता आकाशाशी ताडून पाहा, असे एक शाळामास्तर अत्यंत शांतपणे सांगतो.

इंग्रजी चालत असेल तर फॅरेडेची मेणबत्तीवरची व्याख्याने (१८६१) गुटेनबर्गवर आहेत. मुलांसाठी दिलेली ही सहा व्याख्याने. मेणबत्ती विझवा, वर जाणाऱ्या धुराच्या रेषेला थोड्या अंतरावरून पेटती काडी लावा. ज्योत उडी मारून वातीवर परत येते. घन मेण नव्हे, त्याची वाफ जळते, हे कुणी न सांगता पटते. मोठ्यांपैकी कुणीतरी शेजारी असावे.

११. जुन्या वैद्यकाच्या किंवा ‘घरगुती औषधां’च्या पुस्तकातले उपाय करून पाहू का?

नाही. त्यांत पारा, सोमल, बचनाग अशी विषे सर्रास येतात, मापे आजच्या मापांशी जुळत नाहीत आणि स्कॅनमध्ये ‘गुंज’ या वजनाची ‘कुंज’ झालेली असते. इतिहास म्हणून वाचा.

१२. मोडी शिकावी लागेल का?

पुस्तकांसाठी नाही. मराठी पुस्तके जवळजवळ सगळी देवनागरीत छापली गेली. श्रीरामपूरला विल्यम कॅरीने १८१० मध्ये मोडी टाइपात कोश छापला, तशी उदाहरणे थोडीच. दप्तरातले कागद, घरची जुनी खतपत्रे वाचायची असतील तर मात्र मोडीशिवाय पर्याय नाही.

१३. अमुक लेखकाचे हक्क संपले की नाही, हे कसे मोजू?

मृत्यूचे वर्ष घ्या. पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षे मोजा. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांची पुस्तके १ जानेवारी २०११ ला मुक्त झाली. इतिहासकार गो. स. सरदेसाई १९५९, म्हणून या ‘रियासत’कारांचे लिखाण १ जानेवारी २०२० ला. सावरकर १९६६, म्हणून १ जानेवारी २०२७. खांडेकर १९७६, म्हणून २०३७. पु. ल. २०००, म्हणून २०६१.

दोन लेखकांनी मिळून लिहिले असेल तर जो मागाहून गेला त्याचे वर्ष धरायचे. निनावी किंवा टोपणनावाच्या पुस्तकाला प्रकाशनापासून ६० वर्षे, पण त्या मुदतीत लेखकाचे खरे नाव उघड झाले तर पुन्हा मृत्यूचा नियम लागतो. सरकारी प्रकाशनांना प्रकाशनापासून ६०.

आधी ही मुदत ५० वर्षे होती. रवींद्रनाथांचे हक्क १९९१ अखेर संपत होते, त्या निमित्ताने ती ६० करण्यात आली.

१४. लेखक जाऊन साठ वर्षे झाली, पण पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर प्रथम छापले गेले. मग?

मग प्रकाशनाचे वर्ष धरायचे. बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या. त्यांची गाणी पुस्तकरूपाने १९५२ मध्ये आली, तेव्हा साठ वर्षे १९५२ नंतर मोजायची. तिथे फरक फक्त एका वर्षाचा पडतो. डॉ. आंबेडकरांच्या बाबतीत तो फार मोठा आहे. त्यांच्या हयातीत छापलेले ग्रंथ २०१७ च्या आरंभी मुक्त झाले. पण ‘रिडल्स इन हिंदुइझम’ राज्य शासनाने १९८७ मध्ये प्रथम प्रसिद्ध केले, म्हणून त्याची मुदत २०४७ अखेरपर्यंत जाते. शासकीय खंडांच्या पीडीएफ मोफत मिळतात हे खरे, पण प्रश्न १ मधला फरक इथे आठवा.

१५. मूळ पुस्तक मुक्त आहे. मग बाजारात असलेली त्याची नवी आवृत्ती स्कॅन करून टाकली तर चालेल ना?

सरसकट नाही. ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ ची, ताराबाईंचा मजकूर सर्वांचा आहे. पण ती विस्मृतीतून बाहेर काढून १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी संपादित केली, त्यांची प्रस्तावना आणि टीपा मालशेंच्या. मूळ मजकूर टंकून घ्या, बाकीचे सोडा. भाषांतराचेही तसेच. मूळ इंग्रजी ग्रंथ मुक्त असला तरी मराठी भाषांतरावर भाषांतरकाराचा स्वतंत्र हक्क असतो. चित्रे आणि मुखपृष्ठ चित्रकाराचे.

नुसत्या स्कॅनवर नवा हक्क तयार होतो का, असेही विचारतात. जुन्या पानाची हुबेहूब प्रतिमा काढण्यात नवनिर्मिती नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या निकालात हक्कासाठी श्रमापलीकडे थोडी तरी सर्जकता लागते असे म्हटले आहे. तरी संकेतस्थळाच्या अटी वाचा आणि ज्याने स्कॅन केले त्याचे नाव द्या.

१६. भारतात मुक्त असलेले पुस्तक परदेशी संकेतस्थळ का नाकारते?

कारण तिथे त्यांचा कायदा चालतो. अमेरिकेत या काळातल्या पुस्तकांना प्रकाशनापासून ९५ वर्षे मोजतात. १९९६ च्या आरंभी जी परदेशी पुस्तके आपापल्या देशात संरक्षित होती, त्यांना तिथेही संरक्षण मिळाले. साने गुरुजींची १९३० च्या दशकातली पुस्तके इथे २०११ पासून मोकळी, पण अमेरिकेत ज्या त्या पुस्तकाची ९५ वर्षे भरेपर्यंत नाहीत. उलटही होते. खांडेकरांची पहिली कादंबरी ‘हृदयाची हाक’ १९३० ची, तिथे २०२६ पासून मुक्त, इथे २०३७ पर्यंत थांबायचे. तुम्ही भारतात बसून वाचता किंवा छापता तेव्हा भारताचा कायदा धरा.

१७. पीडीएफचे टंकलेल्या मजकुरात रूपांतर करता येते का?

येते, पण तपासावे लागते. टेसरॅक्ट या मोफत प्रणालीला मराठी वाचता येते, गूगल ड्राइव्हमध्येही सोय आहे. जुन्या टाइपात तीन ठिकाणी यंत्र हमखास अडखळते: अनुस्वार, जोडाक्षरे, आणि पुसट झालेल्या वेलांट्या. कविता असेल तर ओळींची मोडतोडही होते. पन्नास पृष्ठांपेक्षा मोठे काम असेल तर एकट्याने करू नका, विकिस्रोतावर चढवा. तिथे मूळ पान आणि मजकूर शेजारी दिसतात आणि मदतीला माणसे येतात.

१८. या पुस्तकांत जातींविषयी, बायकांविषयी भयंकर लिहिलेले आहे. मुलांना द्यावीत का?

वयाप्रमाणे, आणि सोबत बसून. मजकूर कापू नका. ताराबाईंनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ ज्या लिखाणाला चिडून लिहिली, ते लिखाण किती सहज छापले जात होते हे कळले नाही तर त्यांचा संताप अवास्तव वाटेल. फुल्यांची ‘गुलामगिरी’ (१८७३) आणि त्याच काळातले एखादे सनातनी निबंधपुस्तक शेजारी ठेवले की नववी-दहावीतला मुलगासुद्धा प्रश्न विचारू लागतो. लहान मुलांना मात्र मी यातले काही देणार नाही.

१९. आमच्या माळ्यावर शंभर वर्षांपूर्वीचे पुस्तक सापडले आहे. ते स्कॅन करू का?

आधी ते आर्काइव्हवर आहे का पाहा, प्रश्न ३ मधल्या सगळ्या युक्त्या वापरून. असेल आणि त्या प्रतीत पाने गहाळ नसतील (प्रश्न ६) तर तुमचे श्रम वाचले. नसेल तर सपाट काचेच्या स्कॅनरवर पालथे दाबू नका. शंभर वर्षांपूर्वीचा स्वस्त कागद आम्लामुळे ठिसूळ झालेला असतो आणि शिलाईपाशी तुटतो. पुस्तक अर्धवट, काटकोनाइतकेच उघडेल असे दोन उशांवर टेकवा, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता वरून फोटो काढा. आधी सगळी उजवी पाने, मग सगळी डावी. चिकटपट्टी अजिबात लावू नका.

कोरी पाने, जाहिराती, ग्रंथालयाचे शिक्के, पाठीमागची किमतीची यादी, सगळ्याचे फोटो घ्या. प्रकाशकाच्या इतर पुस्तकांची जाहिरात हा कधी कधी एखाद्या हरवलेल्या पुस्तकाचा एकमेव पुरावा असतो. नोंद करताना नाव छापील शुद्धलेखनात आणि आजच्या शुद्धलेखनात असे दोन्ही द्या, शक आणि इसवी दोन्ही वर्षे द्या. आणि आत कुणी पेन्सिलीने काही लिहिले असेल तर ते खोडू नका.